व्हिडिओ अडकणे, चौकोन पडणे आणि मोठ्या एचडी फाइलचे भाग करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचे व्हिडिओ मिक्सिंगचे काम बरीच वर्षे चालू आहे. लग्नसराई उतरणीला लागली की शूटिंग करणारे सहकारी आणि ज्यांच्या घरी कार्य झाले ते यजमान असे दोघेही जवळपास तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. खालचा मजकूर विंडोजचा संगणक, घरातला टीव्ही आणि आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे एचडी व फोर-के कॅमेरे गृहीत धरून लिहिला आहे. कोणताही प्रयोग मूळ कार्डावर करू नये, त्याच्या प्रतीवर करावा, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

व्हिडिओ मध्येच अडकतो. दोष फाइलमध्ये आहे की संगणकात, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

कागद आणि पेन घ्यावे. व्हिडिओ जिथे अडकतो ती वेळ, तास-मिनिट-सेकंदासह, लिहून ठेवावी आणि तोच भाग दोन मिनिटे मागे नेऊन पुन्हा चालवावा. दर वेळी नेमका त्याच सेकंदाला अडकत असेल, तर दोष बहुतेक फाइलमध्ये किंवा ती ज्या जागेवर साठवली आहे त्या जागेत आहे. एकदा इथे, एकदा तिथे असा अडकत असेल, तर फाइल शाबूत आहे आणि संगणक, पेनड्राइव्ह किंवा प्लेअर यांपैकी कोणीतरी कमी पडत आहे. त्यानंतर फाइल पेनड्राइव्हवरून संगणकाच्या आतल्या डिस्कवर घ्यावी आणि पुन्हा पाहावी. आता सुरळीत चालली, तर पेनड्राइव्ह हेच कारण होते. तरीही त्याच सेकंदाला अडकली, तर मूळ कार्डावरची फाइल थेट चालवून पाहावी. कार्डावर ती ठीक असेल, तर फक्त प्रत बिघडली आहे आणि नवी प्रत काढली की काम संपते.

हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि तो गाळल्याचा फटका आम्हीही खाल्ला आहे. गडहिंग्लजच्या एका लग्नाचा व्हिडिओ सप्तपदीच्या ऐन वेळी दोन सेकंद गोठायचा. आम्ही कॅमेऱ्याला दोष दिला, कार्डाला दिला, यजमानांची क्षमाही मागितली. चार दिवसांनी कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घातले तेव्हा सप्तपदी अखंड निघाली. आमच्याच टेबलावरच्या रीडरची वायर सैल होती आणि प्रत काढताना तिने मधला थोडा मजकूर खाल्ला होता. तेव्हापासून प्रत काढून झाल्यावर ती मुळाशी ताडून पाहणारे टेराकॉपीसारखे साधन आम्ही वापरतो. त्याला वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तो वेळ वाचवावा असे आता वाटत नाही.

चित्रावर चौकोन पडतात, कधी हिरवा पट्टा येतो. हे कशामुळे होते?

एचडी व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असते, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले एवढेच लिहिलेले असते. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एच-२६४ पद्धतीत हा हिशेब १६ बाय १६ बिंदूंच्या चौकोनांत केला जातो. मधला थोडा मजकूर वाचता आला नाही, की त्या जागचे चौकोन चुकतात आणि पुढची चित्रे त्याच चुकीवर रचली जात असल्यामुळे गोंधळ पसरत जातो. पुढचे पूर्ण चित्र आले की सगळे एका क्षणात स्वच्छ होते. चौकोन पडून थोड्या वेळाने आपोआप जात असतील, तर मजकूर खराब झाला आहे असे समजावे आणि वर सांगितल्याप्रमाणे मूळ कार्डाकडे वळावे.

सुरुवातीपासूनच सगळा पडदा हिरवा किंवा गुलाबी दिसत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे फाइल ठीक असते, पण ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर ती उलगडताना चुकतो. व्हीएलसी या प्लेअरच्या पसंतीक्रमात (प्रेफरन्सेस) इनपुट व कोडेक या विभागात हार्डवेअरच्या मदतीने डिकोडिंग, म्हणजे फाइल उलगडण्याचे काम, करण्याचा पर्याय असतो, तो बंद करून प्लेअर पुन्हा सुरू करावा. चित्र सुधारले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि मग तो पर्याय पुन्हा चालू करावा, कारण त्याच्याशिवाय सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

फोनवर सुरळीत चालणारा व्हिडिओ लॅपटॉपवर धक्के खात चालतो. फोन लॅपटॉपपेक्षा वेगवान आहे का?

या एका कामात बऱ्याचदा असतो. नवे फोन एच-२६५ म्हणजेच एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करतात. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली. ती जागा कमी घेते, पण उलगडायला जड असते. फोनमध्ये त्यासाठी वेगळे सर्किट असते. लॅपटॉपमध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीपासून साध्या ८ बिट एचईव्हीसीची आणि सातव्या पिढीपासून १० बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त छटांची, सोय आली, त्यामुळे त्याआधीचा लॅपटॉप हे काम सगळे प्रोसेसरच्या जोरावर करतो आणि फोर-के आले की धापा टाकतो.

उपाय दोन आहेत. पुढच्या चित्रणासाठी फोनच्या कॅमेऱ्यात एच-२६४ किंवा सर्वाधिक सुसंगत असा पर्याय निवडावा. जे चित्रण आधीच झाले आहे, त्याची हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून एच-२६४ प्रत काढून ती पाहण्यासाठी वापरावी आणि मूळ फाइल तशीच जपावी. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी वेगळे विस्तारक मागतो. व्हीएलसीत ते आधीच असते, म्हणून निदान आवाज आहे पण चित्र नाही ही तक्रार तरी तिथे मिटते.

संगणकावर चालणारी फाइल टीव्हीवर का अडकते?

आधी हिशेब करू. ताशी ४५ जीबी होणारे फोर-के चित्रण म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, अर्थात साडेबारा मेगाबाइट. टीव्हीला इतका मजकूर पेनड्राइव्हवरून प्रत्येक सेकंदाला, अखंड वाचता आला पाहिजे. स्वस्त पेनड्राइव्ह तापला की त्याचा वेग घसरतो, आणि जुन्या टीव्हीचा प्रोसेसर तर मुळातच इतक्या बिटरेटसाठी, म्हणजे दर सेकंदाच्या इतक्या मजकुरासाठी, बनवलेला नसतो. घरात पाहण्याच्या प्रतीसाठी पूर्ण एचडी, एच-२६४, सेकंदाला १० ते १५ मेगाबिट आणि एएसी आवाज हे प्रमाण आम्ही ठेवतो. या प्रतीबद्दल आजवर क्वचितच कोणी तक्रार घेऊन परत आले आहे.

चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे असेल तर आवाजाचा प्रकार तपासावा. कॅमकॉर्डरच्या फाइलमध्ये बहुधा डॉल्बीचा एसी-३ आवाज असतो आणि काही टीव्ही व फोनवरचे प्लेअर तो वाजवत नाहीत. मीडियाइन्फो या लहानशा विनामूल्य साधनात फाइल टाकली, की चित्राचा प्रकार, बिटरेट, फ्रेमची संख्या आणि आवाजाचा प्रकार एका पानावर दिसतो. प्रश्न विचारायला येताना त्या पानाचा फोटो आणला, तर अर्धे निदान तिथेच होते.

मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलवर आमचा व्हिडिओ अडकला, घरी मात्र ठीक चालतो.

लॅपटॉप चार्जरला लावलेला होता का, हे आधी आठवावे. बॅटरीवर असताना लॅपटॉप स्वतःला आवरतो, आणि उन्हाळ्यात मांडवात टेबलक्लॉथवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या हवेच्या जाळ्या झाकल्या गेल्या की तो आणखी आवरतो. फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता डेस्कटॉपवर उतरवून घ्यावी, मागे उघडे असलेले ब्राउझर बंद करावे आणि पाहुणे येण्याआधी पहिली पाच मिनिटे नव्हे, पूर्ण व्हिडिओ एकदा चालवून पाहावा. व्हीएलसीत फाइलसाठी आगाऊ साठ्याची वेळ मिलिसेकंदांत देता येते. ती २,००० ते ३,००० केली की पेनड्राइव्हमुळे बसणारे बारीक धक्के बऱ्याच वेळा जातात.

कुस्तीच्या चित्रणात पैलवान वेगाने फिरला की त्याच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. कॅमेरा बिघडला आहे का?

नाही. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांचे जुने एचडी चित्रण घेऊन येणारे जवळपास प्रत्येक जण हे विचारतात. ते कॅमेरे ५०आय पद्धतीने चित्रण करत. त्यात एक चित्र दोन अर्धुकांत टिपले जाते, आधी विषम रेषा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने सम रेषा. माणूस उभा असेल तर दोन्ही अर्धुके जुळतात. पण पैलवानाने ढाक हा डाव मारला, की त्या पन्नासाव्या भागात त्याचा हात पुढे सरकलेला असतो आणि दोन अर्धुकांची कडा दातेरी दिसते. टीव्ही हे आपोआप जुळवून घेतो, संगणकाचा प्लेअर कधी घेतो, कधी घेत नाही. व्हीएलसीत डीइंटरलेस, म्हणजे अर्धुके जुळवण्याचा पर्याय, चालू करून यादिफ हा प्रकार निवडावा. त्यातील दुप्पट गतीचा प्रकार निवडला, तर सेकंदाला ५० पूर्ण चित्रे मिळतात आणि डाव जास्त स्पष्ट दिसतो. नवी प्रत काढताना मात्र हे काम एकदाच आणि चित्राचा आकार बदलण्यापूर्वी करावे. आकार आधी बदलला, तर त्या रेघा चित्रात कायमच्या मिसळतात आणि मग त्या काढता येत नाहीत.

रात्रीच्या चित्रणात दिवे लुकलुकतात. हासुद्धा प्लेबॅकचाच दोष आहे का?

तो चित्रणातला दोष आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात. कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर आणि शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले तर लुकलुक बहुधा दिसत नाही. फोन ३० किंवा ६० फ्रेमवर ठेवून चित्रण केले की ती दिसते.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत. सुरुवातीला ठीक असते, शेवटी अर्धा सेकंद मागे पडते.

अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे आहे की वाढत जाते, हे आधी पाहावे. सारखे असेल, तर व्हीएलसीत जे आणि के या कळांनी आवाज पुढे-मागे सरकवता येतो आणि संपादनात तो एकदाच सरकवला की काम होते.

वाढत जात असेल, तर बहुतेक वेळा फोनचे चित्रण कारणीभूत असते. फोन प्रकाश कमी झाला किंवा स्वतः तापला की फ्रेमची गती कमी-जास्त करतो. संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र ती एकसारखी धरून चालते आणि दोघांचा हिशेब हळूहळू तुटतो. संपादनाला घेण्यापूर्वी हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमरेट निवडून प्रत काढावी. दुसरे कारण म्हणजे आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असणे. दोन यंत्रांची घड्याळे तासाभरात एकमेकांपासून थोडी सरकतातच, त्यामुळे कीर्तन किंवा व्याख्यानासारख्या सलग कार्यक्रमात दर पंधरा-वीस मिनिटांनी, वक्ता थांबलेला असताना, आवाज कापून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण खात्रीचे आहे.

पेनड्राइव्हवर ३२ जीबी मोकळे आहेत, तरी ६ जीबीची फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो.

पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. या पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांच्या रकान्यात लिहिला जातो, त्यामुळे एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या पुढे, म्हणजे ४ जीबीच्या पुढे, जाताच येत नाही. एकूण जागा किती शिल्लक आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ही मर्यादा उरत नाही. फॉरमॅट केल्यावर आतला सगळा मजकूर जातो, हे सांगायची गरज नसावी. पण दर हंगामात एखाद्याला सांगायचे राहून जाते. आपला टीव्ही एक्सफॅट वाचतो का, ते आधी छोट्या फाइलवर तपासावे. वाचत नसेल, तर फाइलचे भाग करणे हाच मार्ग राहतो.

बाजारातून फार स्वस्तात आणलेला ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह असेल आणि त्यावरची पहिली काही फाइल चालून पुढच्या सगळ्या बिघडत असतील, तर त्यावर लिहिलेली क्षमता खोटी असू शकते. एचटूटेस्टडब्ल्यू हे साधन पूर्ण जागा लिहून आणि वाचून पाहते आणि खरा आकडा सांगते.

कॅमेऱ्यानेच एका कार्यक्रमाच्या तीन-चार फाइल केल्या आहेत. त्या जोडताना मध्ये आवाज तुटतो.

कारण तेच, कार्डाची ४ जीबीची मर्यादा. सेकंदाला २४ मेगाबिटच्या एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरची एचडी पद्धत) चित्रणात सुमारे २४ मिनिटांनी, तर १०० मेगाबिटच्या चित्रणात पावणेसहा मिनिटांच्या आतच ४ जीबी भरतात आणि कॅमेरा न थांबता पुढची फाइल उघडतो. त्याला कुस्ती रंगात आली आहे का, अक्षता पडत आहेत का, याचे काही देणेघेणे नसते. एव्हीसीएचडीत या फाइलचा एकमेकींशी असलेला दुवा शेजारच्या फोल्डरमधल्या यादीत असतो. म्हणून फक्त एमटीएस फाइल, म्हणजे चित्रणाचे तुकडे, उचलून आणू नयेत, कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो मीडिया ब्राउझरमधून उघडला, की सगळे तुकडे एकच सलग फाइल म्हणून येतात. सुट्या फाइल ओढून टाइमलाइनवर ठेवल्या, तर सांध्यावर आवाजाचा कणभर भाग गळतो आणि टक असा आवाज ऐकू येतो.

यादी हरवली असेल, तरी एमटीएस फाइल एका मागे एक चिकटवता येतात, कारण त्यांचा मजकूर लहान, स्वतंत्र पाकिटांच्या रांगेसारखा असतो. विंडोजच्या कमांड विंडोतील कॉपी ही आज्ञा बायनरी पर्यायासह, फाइलच्या नावांमध्ये अधिकचे चिन्ह देऊन वापरली की झाले. एमपी-४ फाइलवर हा प्रयोग करू नये. तिथे फाइलचा नकाशा प्रत्येक फाइलच्या आत एका ठिकाणी असतो आणि चिकटवलेला दुसरा भाग प्लेअरला दिसतच नाही. एमपी-४ साठी लॉसलेसकट या सॉफ्टवेअरमधील जोडणीचा पर्याय वापरावा. गोप्रोच्या फाइल असतील, तर नावाकडे नीट पाहावे: जीएच अक्षरांनंतरचे पहिले दोन अंक भागाचे आणि शेवटचे चार अंक चित्रणाचे असतात. नावाप्रमाणे रांग लावली, तर वेगवेगळ्या चित्रणांचे पहिले भाग एकत्र येतात, आणि पंचगंगा घाटावरची मिरवणूक मंडपात शिरून पुन्हा घाटावर जाते.

दर्जा न गमावता मोठ्या फाइलचे भाग करता येतात का?

येतात, पण हवे तिथे कापता येत नाही. पूर्वी जयप्रभा स्टुडिओच्या काळात फिल्मची पट्टी हातात धरून कोणत्याही दोन चित्रांच्या मध्ये कापता येई, कारण सेकंदाला २४ चित्रे असत आणि त्यातले प्रत्येक पूर्ण असे. आजच्या फाइलमध्ये मधली चित्रे आधीच्या पूर्ण चित्रावर अवलंबून असतात, त्यामुळे पुन्हा एनकोडिंग न करता, म्हणजे चित्रे नव्याने न दाबता, सुरुवातीचा काप फक्त कीफ्रेमवरच बसतो. कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये बहुधा दर अर्ध्या ते एका सेकंदाला कीफ्रेम येते, म्हणून काप फार सरकत नाही. पण संपादन करून बाहेर काढलेल्या फाइलमध्ये हे अंतर बरेच मोठे असू शकते: एक्स-२६४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनकोडरची मूळ मर्यादा २५० फ्रेम आहे, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत तब्बल १० सेकंद.

हा फरक किती महाग पडतो ते एका मल्लाच्या वस्तादांनी दाखवले. चाळीस मिनिटांची कुस्ती होती आणि त्यांना घिस्सा मारून चितपट केल्याचा शेवटचा भाग तेवढा वेगळा हवा होता. त्यांच्या पुतण्याने तो आधीच बाहेर काढलेल्या फाइलमधून कापला. प्लेअर उघडला की आवाज सुरू व्हायचा, हलगी वाजायची, लोक ओरडायचे, आणि पडद्यावर सहा-सात सेकंद राखाडी गोठलेले चित्र. चित्र हलायला लागले तेव्हा पैलवान पाठीवर पडून पंच हात वर करत होते. मूळ फाइलमधून, घिस्सा लागण्याच्या दोन सेकंद आधीच्या कीफ्रेमवर काप घेतला आणि डाव पूर्ण दिसला. थोडे आधीपासून कापा, उशिरा कापू नका, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

एमपी-४ साठी आम्ही लॉसलेसकट वापरतो. ते विनामूल्य आहे, एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनावर चालते आणि जवळच्या कीफ्रेमवर उडी मारण्याची सोय देते. तासाभराची फाइल त्यात पाच-दहा मिनिटांत नव्हे, तर डिस्कला प्रत काढायला लागेल तेवढ्याच वेळात तुटते, कारण चित्राला हात लागत नाही. अॅव्हिडेमक्सही चांगले आहे. तिथे चित्र आणि आवाज या दोन्ही खान्यांत कॉपी हाच पर्याय निवडलेला असावा, नाहीतर ते सगळे नव्याने एनकोड करत बसते. फाइल ठरावीक आकाराच्या भागांत, उदाहरणार्थ प्रत्येकी ३,९०० एमबी, आपोआप तोडायची असेल, तर एमकेव्हीटूलनिक्स सोपे पडते. आकार, कालावधी किंवा ठरवून दिलेल्या वेळा यांनुसार ते भाग करते. त्यातून एमकेव्ही फाइल मिळते, ती आपल्या टीव्हीला चालते का ते आधी पाहावे.

संकेतस्थळावर फाइल चढवून तिथेच तोडून देणाऱ्या सेवा आम्ही सुचवत नाही. दहा जीबी चढवायला लागणारा वेळ तर आहेच, पण घरच्या कार्याचे चित्रण अनोळखी ठिकाणी का द्यावे, हाही प्रश्न आहे.

नेमक्या फ्रेमवरच कापायचे असेल तर?

मग कापाजवळचा तुकडा पुन्हा एनकोड करावाच लागतो. लॉसलेसकटमध्ये स्मार्ट कट नावाचा प्रायोगिक पर्याय आहे, जो फक्त कापापासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतचा भाग नव्याने बनवतो. तो प्रत्येक फाइलवर नीट चालतोच असे नाही. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याचा गोल दाखवायचा असेल, तर आम्ही सरळ संपादनात घेतो आणि पुरेशा बिटरेटने नवी प्रत काढतो. दहा-वीस सेकंदांच्या तुकड्यासाठी दर्जाची चिंता करण्यात अर्थ नाही.

कापलेला भाग संगणकावर बरोबर चालतो, टीव्हीवर मात्र सुरुवातीला नको असलेला भाग दिसतो आणि आवाज सरकतो.

काही सॉफ्टवेअर एमपी-४ मध्ये कापाआधीची चित्रे ठेवतात आणि ती दाखवू नका, अशी सूचना फाइलमध्ये लिहितात. संगणकाचा प्लेअर ती पाळतो, टीव्ही कधी कधी पाळत नाही. काप अगदी कीफ्रेमवर घेतला की ही सूचना लागतच नाही.

फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची आहे. झिप करून तुकडे केले तर चालेल का?

पाठवता येईल, पण ते वेगळे काम आहे. सेव्हन-झिपने केलेले तुकडे म्हणजे एक पोते चार पिशव्यांत भरल्यासारखे आहे. सगळ्या पिशव्या पोहोचून पुन्हा एकत्र केल्याशिवाय काहीच पाहता येत नाही. शिवाय व्हिडिओ आधीच दाबून बसवलेला असल्यामुळे झिप करून त्याचा आकार कमी होत नाही. समोरच्याला प्रत्येक भाग स्वतंत्र पाहता यावा असे वाटत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे व्हिडिओचेच भाग करावेत. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे व्हिडिओ म्हणून पाठवले तर ते चित्र पुन्हा दाबते, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते, आणि तिथे एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. घरात कोणी अजून डीव्हीडी मागत असेल, तर ४.७ जीबीची म्हणून विकली जाणारी तबकडी संगणक ४.३८ जीबीच मोजतो, हे लक्षात घेऊन भाग करावेत.

चित्रण चालू असताना बॅटरी संपली आणि फाइल उघडतच नाही. ती गेली असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. एमपी-४ फाइलचा नकाशा, म्हणजे कोणते चित्र कुठे आहे याची नोंद, बहुतेक कॅमेरे चित्रण थांबवल्यावर शेवटी लिहितात. बॅटरी अचानक गेली, की चित्रे कार्डावर असतात पण नकाशा नसतो. ते कार्ड पुन्हा त्याच कॅमेऱ्यात चार्ज केलेल्या बॅटरीसह घालावे. काही कॅमेरे स्वतःच दुरुस्ती करायची का असे विचारतात. तसे न झाल्यास त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी. अनट्रंकसारखे साधन त्या नमुन्यावरून नवा नकाशा रचते. आमच्याकडे आलेल्या अशा बऱ्याच फाइल याच मार्गाने उघडल्या आहेत. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये आणि कॅमेऱ्याने विचारले तरी फॉरमॅट करू नये.

बिघडलेली फाइल दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्ट केली की दोष जातो का?

जात नाही. चौकोन आणि खंड नव्या फाइलमध्ये कायमचे कोरले जातात.

प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात?

कार्ड रिकामे करण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. २०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा दोन्ही डिस्क एकाच कपाटात, एकाच खणात होत्या; कपाट तळमजल्यावर होते. त्या वर्षीची काही लग्ने आज फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या तुकड्यांत शिल्लक आहेत.

आपल्याकडे येताना काय आणावे?

मूळ कार्ड आणावे, पेनड्राइव्हवरची प्रत नको. ज्या सेकंदाला अडकते तो सेकंद लिहिलेला कागद, आणि दोष फक्त टीव्हीवर दिसत असेल तर टीव्हीच्या मागच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो आणावा. घरातून निघण्यापूर्वी कार्डाच्या डाव्या कडेचा बारीक खटका खाली ओढून ते लॉक करावे, म्हणजे वाटेत कोणी दुसऱ्या कॅमेऱ्यात घातले तरी त्यावर काही लिहिले जाणार नाही.